पाहुण्यांचं पाणी

विहीर खणायला घेतली की पाणी लागेल की नाही, याची खात्री ब्रह्मदेवही देत नाही. माती मात्र नक्की निघते! काठावर तिचा ढीग होतो आणि मग तो कुणाच्या बांधावर टाकायचा यावरून गावात भांडणं लागतात. आमच्या इस्टिमेटमध्ये या मातीच्या विल्हेवाटीची एक ओळ असे. किश्श्यांच्या विल्हेवाटीची कधीच नसे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाड्यांवर विहिरी बांधणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी ओव्हरसियर होतो. नव्वदच्या आगेमागे लागलो, तो दहा-पंधरा वर्षं तिथंच राहिलो. विहिरी वाड्यांवर राहिल्या, ढीग माझ्याकडे आला.

आज सगळा उपसत नाही. सिद्धगडाच्या पायथ्याला करवंदवाडी म्हणून वीस-पंचवीस घरांची वाडी आहे, तेवढ्या एकीचे किस्से सांगतो. त्या वाडीला विहीर मिळता मिळत नव्हती, आणि त्यात सरकारचा, निसर्गाचा किंवा आमचा काही दोष नव्हता. दोष होता वाडीच्या चांगुलपणाचा!

*

आधी आमची ओळख करून देतो. संस्थेचं ऑफिस शहापुरात, दोन खोल्यांचं. प्रमुख गुप्ते सर. निवृत्त इंजिनियर, कडक इस्त्री, आणि फॉर्मवर जीव. कुठल्याही गावात पाय ठेवला की आधी फॉर्म बाहेर. "वैद्य, भावनेनं पाणी लागत नाही. माहितीनं लागतं," असं ते मला दिवसातून एकदा तरी ऐकवत. वैद्य म्हणजे मी. तिसरा आमचा ड्रायव्हर जयराम, मुरबाडकडचा, घरची भातशेती असलेला. आणि चौथी आमची जीप.

ही जीप भातसानगरच्या एका कंत्राटदाराकडून सेकंडहँड घेतलेली. उभं आयुष्य धरणाच्या कामावर गेलेली, पण तिच्या स्वतःच्या रेडिएटरमध्ये पाणी टिकत नसे! दर पाच-सहा मैलांवर वाफ. मग जयराम बॉनेट उघडणार आणि आम्ही समोर दिसेल त्या घरात पाणी मागणार. पाणीटंचाईचा सर्व्हे करायला गेलेल्या पथकाचं पहिलं वाक्य असे, "ताई, एक बादली पाणी मिळेल का?"

एका म्हातारीने तर स्पष्टच विचारलं होतं, "तुमी पानी द्याया आलाव का न्याया?"

सरांकडे या प्रश्नाचा फॉर्म नव्हता.

*

करवंदवाडीची पहिली सभा झाली ती उंबराखाली. वीसेक बाप्ये जमले. आम्हाला खाटेवर बसवलं आणि तांब्याभर पाणी दिलं. काय पाणी होतं! थंडगार, गोड, तळाला चिमूटभर गाळ नाही. सरांनी डायरीत तिथल्या तिथे नोंद केली, "चव उत्तम." ही चव पुढे आम्हाला किती महागात पडणार होती, याची तेव्हा कल्पना नव्हती.

सरांनी विचारलं, "वाडीच्या अडचणी सांगा."

रस्ता पायजे. समाजमंदिर पायजे. पोरांना क्रिकेटचा सेट पायजे. यादी लांबत गेली. पाण्याचं नाव कुणी काढेना. शेवटी सरांनीच काढलं.

"पान्याचा काय नाय," चांगो भगत म्हणाला. हा वाडीचा भगत, म्हणजे देवाला कौल लावणारा माणूस. त्याच्यापुढे बाकीचे बोलत नसत. "पानी घरातच असतो."

"घरात कुठून येतं?"

चांगो भगताने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. एवढा शिकलेला माणूस असं काय विचारतो!

"हंड्यातून!"

परत येताना मुरबाड आल्यावर सर म्हणाले, "वैद्य, पुढची सभा बायकांची."

*

बायकांची सभा बुधवारी सकाळी दहाला ठरवली. चांगो भगताकडून दोनदा कबूल करून घेतलं. आम्ही पावणेदहालाच हजर. उंबराखाली सर, मी, आणि एक कोंबडी.

साडेदहा झाले. अकरा झाले. चांगो भगत बिडी ओढत आला.

"बायका कुठं आहेत?"

"पान्याला गेल्यात."

"अहो, पण सभा पाण्याचीच आहे ना?"

"म्हनून तर गेल्यात! सायेब येनार, मंग पाव्हन्याला पानी नको?"

आम्ही उठलो. बायका सभेला येत नसतील तर सभेने बायकांकडे जायचं, असं सरांनी जाहीर केलं आणि आम्ही जीप काढली.

*

वाटेत ओढा लागला. उन्हाळ्यात त्याला पाणी नसायचं. पात्रात वाळू उकरून केलेला कमरेइतका खड्डा होता, त्याला तिकडे डवरा म्हणतात. तळाशी पाणी झिरपतं, ते नारळाच्या नरोटीने एकेक घोट वेचून हंड्यात घालायचं. काठावर काही बाया नंबर लावून बसल्या होत्या, आणि आत उतरून एक पन्नाशीची बाई पाणी वेचत होती. ती भागीबाई.

जीपनेही नेमकी तिथंच वाफ सोडली. जयरामने डबा पुढे केला. "मावशी, गाडीला थोडा पानी द्या."

भागीबाईने तासभर वेचलेला अर्धा हंडा उचलून त्याच्या डब्यात ओतला. मागेपुढे पाहिलं नाही. जयराम डबा घेऊन बॉनेटपाशी आला, आत बघितलं, आणि थांबला.

"काय रे?" सर म्हणाले.

"सर, हा नको. रेडिएटरमदी गाळ बसंल."

त्याने खांद्यावरचा टॉवेल चौघडी केला आणि ते पाणी गाळून गाडीला पाजलं. टॉवेलवर चहाच्या चोथ्यासारखा थर उरला. भागीबाई वर येऊन हे सगळं बघत होती. तिने अगदी आपुलकीने विचारलं, "गाडीला चालंल ना रं आमचा पानी?"

सरांनी फॉर्म काढला. घरात माणसं किती, खेपा किती. भागीबाई सांगत गेली. "रोज पाणी किती लिटर लागतं?" या प्रश्नाला म्हणाली, "लिटर मना नाय म्हाईत. तीन येळा मान मोडते, तवा चूल पेटते."

मग घरातली मुलं. "सून पोटुशी हाय," ती म्हणाली. "आदी एक नात व्हती. चालाय लागली तशी पान्याच्या हंड्याशी जायाची, हात घालून प्यायाची. गेल्या पावसात जुलाबानं गेली." मग म्हणाली, "आता पान्याचा व्हयाला पायजे काय ते. पोटातला पोर चालाय लागायच्या आदी."

सरांचं पेन थांबलं. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली, अर्धवट सोडलेला तो एकच फॉर्म पाहिला. पुढचे रकाने त्यांनी कधी भरलेच नाहीत. मी उगीच टेप काढून डवऱ्याचा व्यास मोजला.

*

आता पैसे देणारा एक ट्रस्ट होता, मुंबईचा. त्यांची अट साधी होती. वाडीवर सध्या जे पाणी पितात त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासायचा. "पिण्यास अयोग्य" असा अहवाल आला तरच विहीर. बरोबरच होतं म्हणा. रोग असेल त्यालाच औषध!

ठाण्याच्या प्रयोगशाळेची बाटली काचेची. निर्जंतुक केलेली, बुचावर कागद बांधलेला. भरेपर्यंत आत बोटसुद्धा लागता कामा नये. मी ती भागीबाईच्या हातात दिली, "तुम्ही पिता ते पाणी यात भरा, ठाण्याला जायचंय," असं सांगितलं, आणि विहिरीची जागा बघायला चांगो भगताबरोबर गेलो. हीच माझी चूक.

यायला दोन तास लागले. भागीबाई घामाघूम होऊन नुकतीच टेकली होती. बाटली भरून तयार. काच अशी लखलखत होती की मला वाटलं, चांगली वस्तू वापरतात प्रयोगशाळावाले.

दहा दिवसांनी अहवाल आला. "पिण्यास योग्य." खाली कुणीतरी हौसेने पेन्सिलने लिहिलं होतं, "उत्कृष्ट!"

ट्रस्टने फाईल परत पाठवली. सरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि आम्ही तसेच करवंदवाडीला गेलो.

"भागीबाई, बाटलीत कुठलं पाणी भरलं होतं?"

"झऱ्याचा."

"कुठला झरा?"

तिने वर सिद्धगडाच्या जंगलाकडे हात केला. जाऊन येऊन दोन तास. तिथं खडकातून करंगळीएवढी धार येते. ते पाणी वाडीत फक्त तिघांना, देवाला, बाळंतिणीला आणि पाहुण्याला. पिढ्यानपिढ्याची रीत. सभेच्या दिवशी बाकीच्या बाया गेल्या होत्या त्याही तिकडेच. आम्ही उंबराखाली प्यालो ते तेच!

"अहो, मी म्हटलं होतं, तुम्ही पिता ते भरा!"

"तू म्हटला रं. पन बाटली ठान्याला जायाची व्हती. लोकांच्या घरी गढूळ पानी पाठवायचा?" आणि वर तक्रारीच्या सुरात म्हणाली, "बाटली पन काय घान दिलीस! आत कायतरी वास येत व्हता. राखंनं तीनदा घासली."

*

दुसऱ्या वेळी बाटली मी स्वतः भरली. वाडीतल्या सगळ्या बाया लाजेने तोंड फिरवून उभ्या होत्या. आपल्या घरातलं काहीतरी चव्हाट्यावर चाललंय, असे चेहरे. भागीबाई शेवटपर्यंत माझ्यामागे, "वरचा वरचा तरी घे रं!"

नमुना बर्फात न्यायचा असतो. मुरबाडला त्या दिवशी बर्फ मिळाला तो फक्त मासळीवाल्याकडे. जयरामने बाटली बोंबलांच्या टोपलीतल्या बर्फात बसवून ठाण्याला पोचवली. खिडकीवरच्या माणसाने नाक धरून विचारलं, "यात काय तपासायचं, पाणी की कालवण?"

पण अहवाल आला. सरांनी पाकीट फोडलं, वाचलं, आणि खुर्चीतून उठून ओरडले, "अयोग्य! वैद्य, संपूर्णपणे अयोग्य!"

त्या दिवशी सरांनी पेढे वाटले. शेजारच्या शिंप्याने पेढा तोंडात टाकत विचारलं, "काय, नातू झाला का?"

"नाही," सर म्हणाले. "पाण्यात जंतू निघाले!"

*

ट्रस्टही काही कच्चा नव्हता. त्यांचं पत्र आलं. एकाच वाडीचे दोन अहवाल, एक "उत्कृष्ट" आणि एक "अयोग्य", हे कसं? आमच्या परांजपे बाई प्रत्यक्ष पाहणीला येतील.

मधल्या काळात भाद्रपदात भागीबाईच्या सुनेला मुलगी झाली होती. आता ती सहा महिन्यांची, मांडीवर उभी राहून पाय झाडायची. दिवस मोजायला कॅलेंडर लागत नव्हतं.

सरांनी या वेळी कुठलीही जोखीम घ्यायची नाही असं ठरवलं. पाहणीच्या आदल्या दिवशी त्यांनी वाडीवर चक्क रंगीत तालीम घेतली! परांजपे बाई मी. मी खाटेवर बसायचं, भागीबाईने आतून तांब्या आणायचा, डवऱ्याच्या पाण्याचा. बाईंनी तांब्यात बघायचं, आणि विहीर मंजूर. तीनदा तालीम झाली. तिन्ही वेळा भागीबाईने न चुकता गढूळ पाणी आणून माझ्या हातात दिलं.

"बघा, जमतंय की!" सर खूश.

"ह्याला द्याया काय लाज?" भागीबाई म्हणाली. "ह्यो काय पाव्हना हाय? ह्यो घरचा."

हे वाक्य ऐकून खरं तर आम्ही सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी परांजपे बाई आल्या. मार्चचं ऊन, जीप ओढ्यापाशी बंद पडल्यानं तिथून पायी चालून आलेल्या, चेहरा लालबुंद. खाटेवर टेकल्या. भागीबाई तांब्या घेऊन बाहेर आली. बाईंनी आत न बघताच तोंडाला लावला आणि गटागटा अर्धा संपवला.

"वा! किती गोड पाणी आहे हो तुमचं!"

सर मटकन खाली बसले. जयरामने कपाळाला हात लावला. माझ्या तोंडून निघून गेलं, "भागीबाई, अहो काय ठरलं होतं आपलं?"

"ठरला तर व्हता," ती म्हणाली. "पन बाय उन्हाची आली, तिचा घसा सुकला. आदी पानी, मंग तुजा काम."

आणि ती आत जाऊन दुसरा तांब्या घेऊन आली. तो तिने बाईंसमोर जमिनीवर ठेवला.

"तो पाव्हन्याचा. ह्यो आमचा. ह्यो पिऊ नको बाय, बग फकस्त."

बाईंनी वाकून पाहिलं. मग सुनेच्या मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. "आणि हिला कुठलं?"

"आता झऱ्याचा आनते थोडा थोडा. मांडीवर हाय तवर पुरतो. चालाय लागली की ह्योच. हिच्या आदीची पन ह्योच पिऊन गेली."

परांजपे बाई बराच वेळ तो तांब्या हातात धरून बसल्या. आम्हाला वाटलं, आता दहा पानी रिपोर्ट येणार. आठवड्याने मंजुरीबरोबर रिपोर्टची प्रत आली. एकच ओळ होती.

"तांबे दोन आहेत. दोन्ही पाहिले."

*

जागेवरून एक पेच आला, तोही सांगतो. सरांनी दगडाचे थर, उतार, झाडं सगळं बघून खुंटी मारली. चांगो भगत म्हणाला, देवाला विचारल्याशिवाय कुदळ लागणार नाही. सरांचा चेहरा आंबट झाला, पण श्रमदान वाडीचं होतं. भगताने तांदळाचे दाणे टाकून कौल लावला. देवाने सपशेल नाही म्हटलं!

"कारण काय सांगतात तुमचे देव?" सर.

भगताने पुन्हा दाणे टाकले. बराच वेळ बघितलं. "इथं आमचा खला हाय. भात कुठं झोडायचा?"

देव असा व्यवहारी निघाल्यावर सरांनी खुंटी उपटली, खळं सोडून वीस पावलं पलीकडे ठोकली, आणि मला हळूच म्हणाले, "भूगर्भशास्त्रात वीस पावलं इकडे तिकडे चालतात."

चांगो भगताचे कान तिखट. "देवालाबी चालतात," तो म्हणाला.

पाणी लागल्यावर जागा कुणी दाखवली यावर दोघांनी कायम आपापला हक्क सांगितला.

*

पाणी लागलं ते वैशाखात, भर दुपारी. वर मुरूम, मग काळा पाषाण, पंधरा दिवस सुरुंग. सगळे हताश झाले होते. आणि एका सुरुंगानंतर दगडाच्या फटीतून धार उसळली. बाप्ये नाचायला लागले, चांगो भगत अंगात आल्यासारखा घुमायला लागला, सरांनी इस्त्रीच्या पँटनिशी चिखलात उडी घेतली. मी भागीबाईला शोधत होतो. सगळ्यांत आधी तिने बघायला हवं होतं.

"भागीबाई कुठं आहे?"

"पान्याला गेली!"

तासाभराने ती डवऱ्यावरून आली, डोक्यावर भरलेला हंडा. गर्दी बाजूला झाली. तिने हंडा न उतरवता आत डोकावून बघितलं. खूप वेळ बघितलं. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली आलं तरी हात हंड्यालाच.

"आता ओत तो हंडा!" बाया ओरडल्या.

"वा गो वा!" भागीबाई म्हणाली. "मान मोडून आनलाय. भांडी घासाया हुईल."

*

पावसाआधी बांधकाम झालं. जंतुनाशक टीसीएल पावडर टाकून झाली. नवीन विहिरीचा नमुना मी घेतला, दोऱ्याने बाटली स्वतः खाली सोडून, भागीबाईला चार हात लांब उभं करून. अहवाल आला, "पिण्यास योग्य." सरांनी तो फाईलमध्ये नाही, शर्टाच्या खिशात ठेवला. पुढे कित्येक दिवस तो त्या खिशातच असे.

आणि ट्रस्टचं पत्र आलं. उद्घाटन अध्यक्षांच्या हस्ते व्हायचंय, त्यांना वेळ नाही, तोवर विहीर वापरात आणू नये.

हे पत्र मी वाडीवर वाचून दाखवलं. भागीबाईने विचारलं, "देव व्हय म्हटला, मंग ह्यो अध्यक्ष कोन?"

सरांनी पत्राचा मान राखला. कठड्याला गोल लाल रिबीन बांधली आणि मला म्हणाले, "वैद्य, रिबीन फक्त कापता येत नाही. तिच्याखालून वाकायला बंदी असल्याचं पत्रात दिसत नाही." चार महिने बाया रिबिनीखालून वाकून पाणी भरत होत्या. गणपतीनंतर भागीबाईची नात चालायला लागली. हंड्याशी जायची, हात घालून प्यायची. तिला कुणी अडवत नव्हतं.

दिवाळीनंतर अध्यक्षांना वेळ झाला. सकाळी जयरामने विटलेली रिबीन काढून नवी बांधली. गाडीतून अध्यक्ष उतरले, मागून पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचा खोका उतरला.

भागीबाई नवं लुगडं नेसून तयार होती. राखेने घासलेला तांब्या, त्यात विहिरीचं पाणी. झऱ्याचं नाही! तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच पाहुण्याला घरचं पाणी होतं. ती पुढे आली. अध्यक्षांनी हात जोडले, हसले, आणि टेबलावरची बाटली उघडून प्यायले. तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. मला इतकं वाईट वाटलं की मी रिबीन कापतानाच्या टाळ्याही वाजवल्या नाहीत.

अध्यक्ष शुद्ध पाण्याचं महत्त्व या विषयावर पाऊण तास बोलले. मध्ये मध्ये बाटलीतून घोट घेत होते. भागीबाई माझ्याशेजारी येऊन बसली आणि कानात म्हणाली, "बिचारा! घरून पानी बांधून आनलाय. त्याच्याकडं पन वांधा हाय काय रं?"

मी म्हटलं, "असेल."

भाषण संपलं, मंडळी फोटोला उभी राहिली. मी बघतो तो भागीबाई टेबलावरच्या रिकाम्या, अर्ध्या बाटल्या ओच्यात गोळा करत होती. विहिरीवर नेऊन तिने त्या राखेने घासल्या, एकेक भरली, बुचं घट्ट पिळली, आणि अध्यक्षांच्या गाडीत सीटवर ओळीने मांडून ठेवल्या. मी सरांकडे बघितलं. सरांनीही सगळं बघितलं होतं. ते अगदी लक्षपूर्वक सिद्धगडाकडे बघायला लागले.

परतताना रस्ता दाखवायला मी पुढे बसलो, सर मागे अध्यक्षांशेजारी. मुरबाडच्या अलीकडे अध्यक्षांना तहान लागली. बाटली उघडली, आणि एका दमात निम्मी संपवली. थोडे थांबले. परत प्यायले.

"काय सांगू गुप्ते," ते म्हणाले, "म्हणून मी बाहेरचं पाणी कधी पीत नाही. पाण्यात फरक असतो हो! तुम्ही लोक कुठलंही पिता. घ्या, हे पिऊन बघा."

सरांनी बाटली घेतली. दोन घोट घेतले, तोंड पुसलं, आणि शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

"शुद्धच आहे साहेब. अहवाल आहे माझ्याकडे."